पाच वर्षं टिकणारं लाकूड

दिल्लीच्या विमानतळावर आधारभाऊ तायड्यांच्या बंडीच्या खिशातून ओळंबा निघाला. पितळी, लिंबाएवढा, आणि भोवती मळका दोरा गुंडाळलेला. तपासणीच्या जवानानं तो दोन बोटांत उचलून धरला आणि हे काय म्हणून विचारलं. भिंत सरळ आहे की नाही ते बघायचं साधन आहे, असं आधारभाऊंनी भुसावळी हिंदीत सांगितलं.

"आप रशिया में दीवार देखने जा रहे हो?" जवान म्हणाला.

"जा तो पोती को देखने रहा हूँ. पर बीच में दीवार आ गई तो?"

जवानानं ओळंबा साहेबाला दाखवला, साहेबानं त्याच्या बोथट टोकावर अंगठा फिरवला आणि म्हाताऱ्याला जाऊ दिलं. असे आधारभाऊ सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसले. डोक्यावर पांढरी टोपी, पायात प्रशीलनं घेऊन दिलेले नवे बूट, पिशवीत केळीचे वेफर्स आणि ठेच्याची बाटली.

माणूस मूळचा नरडाण्याकडचा, पण आयुष्य सगळं दीपनगरच्या आसपास गेलं. वीजकेंद्राच्या शेजारी एका ठेकेदाराचं गोदाम होतं, तिथं परदेशी यंत्रं उतरायची. त्या गोदामात आधारभाऊ सुतार म्हणून लागले. सुतार आपलं कागदावर. खरं काम खोकी फोडायचं. रशियाहून पुरुषभर उंचीची खोकी यायची, चीडाच्या, म्हणजे पाइनच्या फळ्यांची, वर काळ्या शाईत न कळणारी अक्षरं. आधारभाऊ पहारीनं खोकं उघडायचे, इंजिनिअर आतलं यंत्र घेऊन जायचे आणि मागं फळ्यांचा ढीग उरायचा. फळ्या ज्याला पाहिजेत त्यानं न्याव्यात, खिळे मात्र ठेकेदार एकूणएक परत घ्यायचा. हत्ती देऊन टाकायचा आणि अंकुशासाठी भांडायचं, असा त्याचा व्यवहार. पण त्याच्या त्या चिकटपणापायी आधारभाऊ बिनखिळ्याचं काम शिकले. खाच पाडायची, फळीत फळी अडकवायची, वरून लाकडाची पाचर ठोकायची आणि ठेकेदाराला मनातल्या मनात शिवी द्यायची.

त्या फळ्यांवर त्यांचा संसार उभा राहिला. पलंग चीडाचा, कपाट चीडाचं, जेवायचे पाट चीडाचे. प्रशीलच्या जन्माच्या वेळी पाळणा केला तोही चीडाचाच. घरातल्या प्रत्येक वस्तूवर रशियन अक्षरांचा एखादा तुकडा होता, कुठं आडवा, कुठं उलटा. पाहुणे विचारायचे, तेव्हा आधारभाऊ खुशाल सांगायचे की ती नक्षी आहे. पुढं नात दीपमाला डॉक्टरी शिकायला रशियात गेली आणि पहिल्याच सुट्टीत येऊन तिनं घरभर फिरून सगळं फर्निचर वाचून दाखवलं. कपाटावर होतं, 'ही बाजू वर', आणि ती बाजू जमिनीला टेकलेली. पलंगावर होतं, 'ओलं होऊ देऊ नका', आणि त्या पलंगावर तायड्यांच्या दोन पिढ्या लहानाच्या मोठ्या झाल्या होत्या. पाळण्यावर होतं, 'सांभाळून हाताळा'.

मंदाबाईला, म्हणजे आधारभाऊंच्या बायकोला, हे काही नवीन वाटलं नाही. एरंडोलच्या माहेरी तिनं सागाचा पलंग पाहिलेला होता, आणि सासरी येऊन खोक्यावर झोपावं लागलं याचा राग तिनं कधी लपवला नाही. "माय म्हने जावाई सुतार शे. माले काय ठाऊक, खोकास्ना सुतार शे!" हे ती आल्यागेल्याला सांगायची. दर दिवाळीला मात्र बोल लावत लावतच सगळ्या लाकडाला जवसाचं तेल चोळायची. का चोळतेस म्हणून विचारलं, तर साडीला कुसळं लागतात म्हणायची.

पण मंदाबाईचं बोलणं आधारभाऊंना कधी लागलं नाही. लागलं ते नवल मिस्तरींचं. प्रशीलचं बारसं गावी झालं, तेव्हा पाळणा मोठ्या हौसेनं ट्रकवर चढवून नेला होता. नवल मिस्तरी गावाचे पिढीजात सुतार. साग सोडून दुसऱ्या लाकडाला हात न लावणारे. कोणी बोलावलं नव्हतं, तरी ते आले, पाळण्याभोवती एक चक्कर मारली आणि बोटाच्या पेरानं कडेवर तीनदा टकटक केली. मग कान लावून ऐकल्यासारखं करून चारचौघांत म्हणाले, "हाई पाळणा नही, खोकं शे. वाळवीनं जेवण. पाच वरीस टिकनं त माले सांगजा."

सगळे हसले. आधारभाऊही हसले, कारण हसले नसते तर रडावं लागलं असतं. त्या दिवसापासून ते गावात खोकेवाले आधारभाऊ झाले. गंमत अशी, की नवल मिस्तरींवर सगळ्यात जास्त विश्वास त्यांचाच बसला. पाच वर्षं झाली, पाळणा ठणठणीत. आधारभाऊ म्हणाले, आता मुदत संपली, कधीही पडेल. दहा झाली, वीस झाली. नवल मिस्तरी वारले, त्यांच्या घरचा सागाचा देव्हारा वाळवीनं पोखरला, दीपमाला त्याच पाळण्यात झोपून मोठी झाली, तरी आधारभाऊंचं आपलं तेच. घरी कोणी आलं की पाळण्याकडे हात करून म्हणायचे, "टाइमपास काम शे. पाच वरीसनं." सत्तेचाळीस वर्षं ते स्वतःच्या हाताची अशी निंदा करत आले.

यंदा प्रशीलनं जळगावात फ्लॅट घेतला. तो बँकेत आहे, सरळ माणूस आहे, आईबापांना सोबत न्यायचं ठरवून बसला होता. फ्लॅटमध्ये योगेंद्र नावाच्या कारागिरानं भिंतीत बसणारी कपाटं केली होती, गुळगुळीत आणि आरशासारखी. ती बघून आल्यावर आधारभाऊ दोन दिवस आपल्या कपाटाकडे पाठ करून बसले. तिसऱ्या दिवशी दीपमालाच्या पदवीदानाचं तिकीट हातात पडलं. बँकेनं प्रशीलला रजा दिली नव्हती, म्हणून आजी-आजोबांनी जावं असं ठरलं. तेव्हा आधारभाऊंनी मुलाला बाजूला घेतलं.

"मी येवाना आगोदर हाई बठ्ठं घरमाईन काढी टाक. बंबमा घाल, भट्टीले दे, काय बी कर. मना डोयासमोर नको."

"पाळणापण?" प्रशीलनं विचारलं.

"पाळणा सगळास्ना आगोदर."

मंदाबाई पलीकडेच चुलीशी भाकरी थापत होती. तिनं वर पाहिलं नाही, पण भाकर तव्यावर जरा जोरात आपटली. दुसऱ्या दिवशी तिनं जाहीर केलं की ती रशियाला येणार नाही. गुडघे दुखतात. शिवाय तिकडं कळण्याची भाकर मिळत नाही आणि थंडीत तिला खोकला होतो. जून महिना आहे, असं प्रशीलनं समजावून सांगितलं. "जूनमा बी होस माले खोकला," ती म्हणाली, आणि विषय संपला. बायको विमानाला घाबरली, असं आधारभाऊंनी मनाशी धरलं आणि ते एकटेच निघाले.

रशियात पदवीदान तासाभरात उरकलं. दीपमालाला निळी फाइल मिळाली, आधारभाऊंनी इतक्या मोठ्यानं "जय भीम" म्हटलं की दोन प्राध्यापिका दचकल्या. मग नातीनं सांगितलं की आजोबांसाठी तिनं एक खास बेत आखून ठेवला आहे. शहरापासून बसनं तीन तासांवर एक खेडं आहे, तिथली सगळी घरं लाकडाची, चर्चही लाकडाचं, तीनशे वर्षांचं जुनं. "तुम्ही सुतार, आबा. तुम्हाला दाखवायचं म्हणून मी सहा वर्षं स्वतः पाहिलं नाही."

खेडं नदीच्या काठावर होतं. वीस-पंचवीस घरं, गोल ओंडक्यांवर ओंडके रचून केलेली. निम्म्यांना कुलपं होती, बाकीच्यांच्या दाराशी बटाट्याचे वाफे. डास मात्र तापीकाठाला लाजवतील असे. मधोमध चर्च उभं होतं, काळपट करड्या रंगाचं, माथ्यावर कांद्यासारखे घुमट, आणि घुमटांवर लहान लहान फळ्यांचे खवले. दीपमाला बघतच राहिली. आधारभाऊ जवळ गेले, ओंडक्याच्या टोकावर नखानं ओरखडा काढला, वास घेतला आणि त्यांचा चेहरा पडला.

"हाई त चीड शे."

"हो आबा."

"बठ्ठंच?"

"सगळंच. आणि भिंतीत खिळा नाही एकही."

"येन्हा ठेकेदार बी खिळा मोजी लेत व्हयी," आधारभाऊ म्हणाले. आपल्या नातीनं डॉक्टर होऊन पहिलं काम काय केलं, तर हजारो मैल लांब आणून आजोबाला खोकं दाखवलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी खिशातून ओळंबा काढला, चर्चच्या कोपऱ्यावर धरला आणि एक डोळा मिटला. भिंत चार बोटं बाहेर होती. त्यांना एकदम बरं वाटलं. "देख, तिरपं शे. हाऊ बी खोकेवालाच व्हता."

आत जायचं ठरलं, आणि तिथं खरा तमाशा झाला. आधारभाऊंनी पायरीशी बूट काढले, मोजे काढून बुटांत कोंबले, टोपी नीट बसवली आणि उंबऱ्याशी गेले. आत नीना नावाची राखणदारीण बसली होती, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, अंगानं भरभक्कम. तिनं आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग डोक्याकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पसरून दार अडवलं. ती काय ओरडली ते भाषा न कळताही कळत होतं.

"आबा, ती म्हणतेय टोपी काढा आणि बूट घाला," दीपमाला ओशाळून म्हणाली. "इथं पुरुषांनी डोकं उघडं ठेवायचं असतं. अनवाणी कोणी येत नाही."

"उलटी खोपडीनं गाव शे का हाई? तिले सांग, पाय उघडा शेतस, डोकं झाकेल शे. आखो काय पाहिजे?"

नीनानं स्वतःच्या डोक्यावरची नसलेली टोपी काढून दाखवली. दोनदा दाखवली. मग तिनं हात पुढं करून त्यांच्या टोपीकडे नेला, आणि आधारभाऊंनी तिचं मनगट धरलं. हळूच धरलं, पण धरलं. दीपमाला घाबरली. आजोबांचा असा चेहरा तिनं कधी पाहिला नव्हता.

ही गोष्ट नीनाला ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, आणि नातीलाही कोणी सांगितली नव्हती. आधारभाऊंच्या बापाला गावात एका मोठ्या घरावरून जाताना टोपी काढून काखेत धरावी लागायची आणि वहाणा हातात घ्याव्या लागायच्या. पोरगा आधार मागून चालायचा आणि बापाचं उघडं डोकं बघायचा. बापानं धम्मदीक्षा घेतली, त्या वर्षी गावाच्या बाजारातून नवी टोपी आणली, ती घालून त्याच घरावरून चालत गेला, आणि परत येऊन पोराला म्हणाला, वहाण काढायची ती बुद्धापुढं, आपल्या मर्जीनं. टोपी कुणापुढंच काढायची नाही, कोणी सांगितलं म्हणून तर मुळीच नाही. तेव्हापासून आधारभाऊंनी ती ठेकेदारापुढं काढली नाही, मंत्र्यापुढं काढली नाही, तर तीनशे वर्षांच्या खोक्यापुढं काढायचा प्रश्नच नव्हता.

"तू देखी ये," ते नातीला म्हणाले. "मी बाहेर बसस."

बूट हातात घेऊन ते चर्चला वळसा घालून मागं गेले. टोपी काढली असती, तर ते आत जाऊन सोनेरी चित्रं बघून परत आले असते आणि पुढचं काही घडलं नसतं. पण ते मागं गेले, आणि तिथं चर्चची अख्खी मागची बाजू लोखंडी जॅकांवर वीतभर उचललेली होती. खालचे कुजलेले ओंडके काढून नवे घालायचं काम चाललं होतं. तीन माणसं होती. त्यांच्यातला म्हातारा, लाल नाकाचा, कुऱ्हाडीनं नव्या ओंडक्याला खाच पाडत होता. कुऱ्हाड सुताराच्या तासायच्या वाकसासारखी चालत होती, सालपट कागदासारखं उडत होतं.

आणि वास आला. ताज्या चीडाचा, राळेचा, गोडसर. दीपनगरच्या गोदामात खोक्याची पहिली फळी उचकटली की यायचा, तोच. आधारभाऊ जागच्या जागी थांबले. तेविसाव्या वर्षी, बायको पोटुशी असताना, सुट्टीनंतर त्या गोदामात बसून त्यांनी पाळण्याची एकेक फळी रंध्यानं साफ केली होती. त्यांना ते सगळं आठवलं.

काढून टाकलेला एक ओंडका गवतात पडला होता. आधारभाऊ उकिडवे बसले. वरून दोन बोटं लाकूड भुसभुशीत झालेलं, हातानं निघत होतं. त्याच्या आत ते खडखडीत. कापलेल्या टोकावर वर्षांच्या रेघा होत्या, फणीच्या दातांसारख्या जवळजवळ. अशाच रेघा त्यांनी पाळण्याच्या फळ्यांवर पाहिल्या होत्या. थंडीत झाड हळू वाढतं, म्हणून लाकूड घट्ट होतं, ही गोष्ट एवढी वर्षं नजरेसमोर असून त्यांनी एकदाही विचारात घेतली नव्हती. त्यांनी पेरानं टकटक केली, तीनदा. ओंडका खणखणीत बोलला.

लाल नाकाचा म्हातारा थांबून बघत होता. त्याचं नाव गेन्नादी, हे मागाहून दीपमालानं सांगितलं. तो जवळ आला आणि त्यानंही तीनदा टकटक केली. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मान हलवली. जगभरचे सुतार सारखेच आगाऊ असतात. त्यांना दुसऱ्याच्या लाकडावर टकटक केल्याशिवाय राहवत नाही.

दीपमाला आतून आली, तोवर गेन्नादी वेफर्स खात होता आणि आधारभाऊ त्याच्या खाचेत बोट घालून मापं घेत होते.

"दीपमाला, येले ईचार, हाऊ ओंडका कितला वरीसना?"

"तीनशे, आबा. बांधलं तेव्हापासूनचा."

"आखो कितला टिकी?"

दीपमालानं विचारलं. गेन्नादीनं तोंडातला वेफर गिळला आणि बराच वेळ बोलला.

"तो म्हणतो, ते लाकडावर नसतं. छप्पर गळू दिलं, भिंतीकडे कोणी पाहिलं नाही, तर पाच वर्षं. कोणी दरवर्षी हात फिरवत असेल, तर अजून तीनशे."

"पाच?"

"पाच म्हणाला."

आधारभाऊ खाली गवतात बसले. नवल मिस्तरी खोटं बोलले नव्हते. त्यांनी अर्धंच सांगितलं होतं, आणि उरलेलं अर्धं सांगायला गावातला कोणी नाही, हा लाल नाकाचा माणूस लागला. सत्तेचाळीस वर्षं आपण आपल्याच कामाला कचरा म्हणत आलो, एका माणसाच्या तीन टकटकींवरून. आधारभाऊंना आपली भयंकर लाज वाटली. मग त्यांना आपण काय सांगून आलो आहोत ते आठवलं आणि ते ताडकन उठले.

"फोन लाव! प्रशीलले फोन लाव!"

फोन चौथ्यांदा लागला. आधारभाऊ त्यात असे ओरडले की नीना चर्चच्या कोपऱ्यावरून डोकावली. "पाळणाले हात नका लावजा! आयकं का? कशालेच हात नका लावजा!"

पलीकडे प्रशील गोंधळला. "आबा, तुम्हीच सांगितलं होतं ना. मी इकडं जळगावात, मला वेळ नव्हता, म्हणून टेम्पो पाठवला. परवाच येऊन गेला. सगळं वीटभट्टीवर गेलं."

"पाळणा?"

"तो आधी न्या असं मीच त्यांना बजावलं होतं. तुम्ही म्हणालात म्हणून."

"तुन्ही मायले दे फोन."

"माय दीपनगरलाच आहे. दोनदा लावला, नुसती कामात आहे म्हणते आणि ठेवते."

आधारभाऊंनी फोन नातीच्या हातात दिला. बायको फोनवर येत नाही, म्हणजे रागावली आहे, आणि तिनं रागवावं हे बरोबरच होतं. आपल्या हातानं केलेलं आपल्याच तोंडानं जाळलं. ते त्या कुजक्या ओंडक्यावर बसून रडले, चक्क हुंदके देऊन. गेन्नादीला वाटलं कोणी वारलं. त्यानं कुऱ्हाड ठेवली आणि शेजारी येऊन बसला. दीपमालानं त्याला काय झालं ते सांगितलं, तेव्हा त्यानं स्वतःच्या छातीवर हात मारून काहीतरी म्हटलं. त्याच्या बापानं केलेलं टेबल त्यानं स्वतः एका हिवाळ्यात शेगडीत घातलं होतं, असं दीपमालानं सांगितलं.

निघताना आधारभाऊंनी ओळंबा गेन्नादीच्या हातात ठेवला. आता घरी सरळ करण्यासारखं काही उरलं नव्हतं. गेन्नादीनं तो चर्चच्या कोपऱ्यावर धरून पाहिला, चार बोटं तिरपं बघून खांदे उडवले, आणि दोघंही हसले.

आठ दिवसांनी आधारभाऊ भुसावळला उतरले. प्रशील गाडी घेऊन आला होता. दीपनगरच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसल्या, वस्ती आली. घराचं दार उघडं होतं. पुढची खोली रिकामी होती. पलंगाच्या जागी जमिनीवर पांढरे चौकोन उमटले होते, भिंतीवर कपाटाची सावली तेवढी राहिली होती. आधारभाऊ उंबऱ्यावरच थांबले.

मधल्या खोलीत आढ्याला पाळणा टांगलेला होता.

तो पापडबिबड्यांनी गच्च भरला होता. ज्वारीचे बिबडे, नागलीचे पापड, वर मिरच्यांची परडी. मंदाबाई खाली पाट टाकून, नव्हे, पाट गेले होते म्हणून पोत्यावर बसून, तेलाचा बोळा पाळण्याच्या दांडीवर फिरवत होती. दिवाळी अजून चार महिने लांब होती.

"हाऊ कसा ऱ्हायना?" आधारभाऊंनी पाळण्याकडे बोट करून विचारलं.

"टेम्पोवाला ऊना," मंदाबाई म्हणाली. "म्हने पाळणा आगोदर नेना शे. मी तो आगोदरच उतारीसन बिबडा भरी ठेयेल व्हतात. सांगं, कठे शे पाळणा? हाई त बिबडास्नं खोकं शे. त्यानी देखं, त्याले बी खोकंच दिसनं. बाकीनं लई गया. मी एकली कितलं धरू?"

"मंग फोनवर का नही सांगं?"

"माले कोनी ईचारं का? जाळाना टाइमले बी नही ईचारं." ती बोळा फिरवतच होती. "मना पोऱ्या यामा निजना, नात यामा निजनी. नावं ठेवाना हक मना शे. तुम्हीन कसाले बोलतस मना पाळणाले?"

प्रशील दारात उभा राहून आईकडे बघत होता. आधारभाऊंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. जूनमधला खोकला, गुडघे, कळण्याची भाकर. ती विमानाला घाबरली नव्हती. नातीचं पदवीदान सोडून ती पाळणा राखायला मागं राहिली होती.

"तू यासाठी नही ऊनी?"

"मी बी येती त मांगे कोन देखतं?" मंदाबाईनं पाळण्याला एक झोका दिला आणि डोळे बारीक केले. "जरा तिरपा टांगायना वाटस. तुमना तो ओळंबा काढा."

"रशियाले दिधा."

"लोके परदेशमाईन काही लई येतस, तुम्ही देईसन उनात," ती म्हणाली.

आधारभाऊ पुढं आले. त्यांनी पाळण्याच्या कडेवर पेरानं तीनदा टकटक केली, कान लावून ऐकलं, आणि मग डोक्यावरची टोपी काढली. ठेकेदारापुढं नाही, मंत्र्यापुढं नाही, नीनापुढं नाही काढली, ती दोन्ही हातांत धरून बायकोपुढं उभे राहिले. कोणी काढा म्हटलं नव्हतं.

मंदाबाईनं वर पाहिलं. तेलाचा बोळा तिच्या हातात तसाच राहिला आणि तिचे डोळे भरून आले. मग तिनं पदरानं नाक पुसलं.

"घाला ती डोकावर," ती म्हणाली. "टक्कल चमकस."